पाठीवर काढलेलं दुखणं

माझं पोक पहिल्यांदा डॉक्टरने नाही, आमच्या टेलरने पकडलं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, चतुर्थीची गर्दी व्हायच्या आधी म्हणून ब्लाऊज शिवायला टाकायला गेले होते. हा टेलर गेली वीस वर्षं माझे ब्लाऊज शिवतोय, त्याच्याकडे एक जुनी वही आहे आणि तिच्यात सगळ्या गिऱ्हाइकांची मापं लिहिलेली आहेत. त्याने पाठीचं माप घेतलं, वहीत बघितलं, परत घेतलं, आणि मग टेप गळ्यात टाकून म्हणाला, "बाई, फाट बागवल्या तुमची." म्हणजे पाठ वाकलीय. मागची बाजू इंचभर वाढवावी लागेल, पुढची कमी करावी लागेल, नाहीतर मागून वर चढतच राहणार म्हणे. मला रागच आला खरं तर. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, अगं सत्तरी आली, आता काय कवायतीला उभी राहणारेस?

पण ते डोक्यातून जाईना. कारण वर्षभर माझ्या निऱ्या जमिनीवर लोळत होत्या आणि मी समजत होते की मीच हल्ली साडी खाली नेसते. फडताळातल्या वरच्या कप्प्यातला गुळाचा डबा हाताला येत नव्हता, मला वाटलं सुनेने मागे सरकवला. झोपताना एका उशीवर मान मागे पडल्यासारखी व्हायची म्हणून दोन उशा घ्यायला लागले होते. अर्ध्या भाकरीत पोट भरायचं, वर आंबट ढेकरा, ते ॲसिडिटीच्या खात्यात. म्हणजे प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे वेगवेगळं कारण तयार होतं आणि सगळी कारणं एकदम पटणारी होती.

मी ३१ वर्षं गोव्यात फोंडा तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. त्या ३१ वर्षांत "पोक काढून बसू नको, ताठ बस" हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे. माझ्या डोक्यात पोक म्हणजे आळस, वाईट सवय, फार तर म्हातारपण. माझी आई शेवटची दहा वर्षं अशी वाकून चालायची की लहान पोरं विचारायची, आजी काय हरवलं काय? आम्ही हसायचो. शेवटी ती अंगणात पडली, खुबा मोडला, आणि त्या अंथरुणातून उठलीच नाही. तेव्हाही कोणी तिच्या पाठीचा एक्सरे काढला नाही, खुब्याचाच काढला.

आता त्याआधीच्या मेमधलं सांगते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. प्रियोळ बाजूला आमचं छोटं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे, मेमध्ये तिथे एक कापा फणस खाली पडलेला दिसला, गडी यायला वेळ होता, आणि माकडांच्या हाती लागण्यापेक्षा आपणच उचलू म्हणून वाकून उचलला. पाठीत मधोमध कट्‌ असं काहीतरी झालं, आवाज आला का नुसतं जाणवलं ते आता सांगता येत नाही. फणस तिथेच टाकला आणि सुपारीच्या झाडाला धरून उभी राहिले. घरी सगळ्यांचं एकमत, उसण भरली! मग काय, कोमट खोबरेल तेल, शेक, मलम, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या पोराला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेतला. आता हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण पोरगं हलकं होतं आणि त्याने नुसता टेकवला, तेवढं नशीब. नेहमीच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, वयाचा भाग आहे म्हणाले. दुखणं पाच-सहा आठवड्यांनी कमी झालं. आपल्याकडे म्हणतात ना अंगावर काढलं, मी ते पाठीवर काढलं.

तर टेलरचं ऐकून सुनेने फोन करून फोंड्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली. (सून पर्वरीला असते, बँकेत आहे, कामाला वाघीण.) डॉक्टर तरुण, बोलायला शांत. त्यांनी आधी पाठीला हात लावलाच नाही, नुसते प्रश्न. पाळी कधी गेली? म्हटलं ४२व्या वर्षी पिशवी काढली. अंडाशयंही काढली का? हो. त्यानंतर कधी हाडांची तपासणी? कधीच नाही. आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता? आईचा. स्टेरॉईडच्या गोळ्या कधी घेतल्यात? नाही. तरुणपणी उंची किती होती? ते मला पक्कं माहीत होतं, नोकरीला लागतानाच्या मेडिकलमध्ये लिहिलेलं, १५६ सेंटिमीटर. त्यांनी भिंतीला उभं करून मोजली, १५० भरली. सहा सेंटिमीटर कुठे गेले? ते म्हणाले वयाबरोबर थोडी उंची सगळ्यांचीच कमी होते, मणक्यांमधल्या गाद्या चपट्या होतात, पण तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरच्या वर कमी झाली असेल तर मणका मोडलाय का ते बघायलाच हवं.

मग टाचा भिंतीला टेकवून डोकं मागे टेकवायला सांगितलं. टेकेना! हनुवटी वर न करता डोकं भिंतीला लागतच नव्हतं, मधे जी फट राहिली ती पट्टीने मोजली, नऊ सेंटिमीटर. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी स्वतःला ताठ समजत होते. मग कुशीत बोटं घालून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यात किती जागा आहे ते बघितलं, एक बोट जेमतेम. दोन बोटांपेक्षा कमी जागा असणं हीसुद्धा खूण असते म्हणे. पोट लवकर का भरतं ते तेव्हा कळलं, धड वरून खाली बसलंय, पोटाला जागाच कुठे राहिली.

उभं राहून बाजूने एक्सरे काढला. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा मला आधी काही कळलं नाही, मग त्यांनी बोटाने एकेक मणका दाखवला. छातीच्या भागात बारा मणके असतात, चांगला मणका बाजूने बघितला तर साधारण चौकोनी डब्यासारखा दिसतो, आणि माझा आठवा आणि बारावा पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झाले होते, मागून उंच, पुढून चपटे. डॉक्टर लोक त्यांना डी आठ, डी बारा म्हणतात. म्हणजे तुमचे दोन मणके मोडलेत, ते म्हणाले. मी म्हटलं, मोडलेत? मी तर चालत आले! म्हणाले, मणका असा दबून मोडला तर निम्म्याहून जास्त लोकांना कळतच नाही, कोणाला उसण वाटते, कोणाला काहीच वाटत नाही. बारावा बहुतेक फणसाचा. आणि आठवा? सुनेने सगळी जुनी फाईल आणली होती, तिच्यात दोन वर्षांपूर्वी खोकल्यासाठी काढलेला छातीचा एक्सरे होता, समोरून आणि बाजूने दोन्ही. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. आठवा तेव्हाच दबलेला होता. रिपोर्टात फुप्फुसं स्वच्छ एवढंच लिहिलेलं, कारण बघायला सांगितली होती फुप्फुसंच. कोणाला काय बोलायचं, पण ती दोन वर्षं फुकट गेली याची चुटपुट अजून आहे. तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर फणसाने बारावा मोडला असता का, असा विचार रात्री येतो.

मग ते कोनाचं प्रकरण. छातीच्या भागातल्या वरून चौथ्या मणक्याच्या वरच्या कडेला एक रेष आणि बाराव्याच्या खालच्या कडेला एक रेष, दोन्हींमधला कोन म्हणजे पाठीचा बाक. कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४८ साली सांगितलेली पद्धत, पाठीचा कणा बाजूला वाकलेल्या लोकांसाठी, पुढच्या बाकालाही तीच वापरतात. थोडा बाक सगळ्यांनाच असतो आणि असायलाच हवा, २० ते ४० अंश. माझा ६१. आता मी गणित शिकवलेली बाई, घरी आल्यावर फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली, नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला आणि बसले. रेषा फिल्मच्या बाहेर जाऊन मिळतात म्हणून त्यांना लंब काढायचे, लंबांमधला कोन तोच येतो. माझा ६६ आला. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं तर हसले, म्हणाले दोन डॉक्टरांच्या मापातही तीन-चार अंशांचा फरक पडतो, तुम्हाला पाच अंशांची सूट.

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचून सगळेच आपापल्या आईला धरून एक्सरेला नेतील. म्हाताऱ्या माणसांच्या सगळ्याच पोकांमागे मोडलेला मणका नसतो, बऱ्याच जणांचा एकही मणका मोडलेला नसतो. गाद्या झिजतात, पाठीला ताठ धरणारे स्नायू सैल पडतात, वर्षानुवर्षं पुढे वाकून काम, आणि काही घराण्यांतच असतं. पण उंची झरकन कमी झाली, एकदम पाठ धरली, असं काही असेल तर बघायला हवं.

तपासण्या बऱ्याच झाल्या. ह्यांच्या काकांना मणक्याचा टीबी झाला होता, त्यांची पाठ आठवून घरात सगळे घाबरले. डॉक्टर म्हणाले टीबीत एकाच जागी टोकदार उंचवटा येतो बहुतेक वेळा, तुमचा बाक गोल आहे, तरी खात्री करू. एमआरआय केला, बोगद्यात घालून ठाकठाक आवाज, मी मनात रामरक्षा म्हटली, दोनदा पूर्ण झाली. टीबी नाही, गाठ नाही. बाराव्या मणक्यात अजून थोडी सूज दिसत होती, म्हणजे फणसच. रक्तात कॅल्शियम, थायरॉईड, किडनीचं क्रिएटिनिन, प्रोटीनची एक वेगळी तपासणी, सगळं ठीक, फक्त ड जीवनसत्त्व ११. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. गोव्यात उन्हाला काय तोटा? पण मी ऊन घेतेच कधी, सकाळी स्वयंपाकघर, दुपारी झोप, बाहेर पडले तर छत्री. आणि उरलेले चार महिने पाऊस.

डेक्सा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजायची तपासणी, पणजीला केली, ती सगळ्यात सोपी, पलंगावर पडायचं, वरून एक दांडा फिरतो, दहा-पंधरा मिनिटांत मोकळे. टी स्कोअर म्हणजे तरुण बाईच्या हाडांच्या तुलनेत आपली हाडं कुठे. उणे अडीच किंवा त्याखाली गेलं की हाडं ठिसूळ, ऑस्टिओपोरोसिस. माझा खुब्याचा उणे २.८. पाठीचा उणे २.४, मी खूश झाले तर डॉक्टर म्हणाले पाठीच्या आकड्यावर जाऊ नका, झिजलेल्या, दबलेल्या हाडांमुळे तो उगाच चांगला दिसतो, आणि फणस उचलून मणका मोडतो तेव्हा आकडा कितीही असो, निदान तेच.

भाच्याने विचारलं, ऑपरेशन करून सरळ होणार नाही का? म्हणाले ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाहीत, ते फार मोठं ऑपरेशन, नस दबली वगैरे तर विचार, यांना गरज नाही. मणक्यात सिमेंट भरतात तेही न थांबणाऱ्या दुखण्यासाठी, माझं दुखणं थांबलेलं. म्हणजे सरळ होणार नाही का, मी विचारलं. ते सरळ बोलले ते मला आवडलं. म्हणाले, पाचर झालेला मणका परत चौकोनी होत नाही, पण बाकातला काही भाग हाडाचा आणि काही स्नायूंचा असतो, स्नायूंचा परत मिळवता येतो, आणि तिसरा मणका मोडू द्यायचा नाही, ते मुख्य काम.

सहा आठवड्यांसाठी पट्टा दिला. त्या पट्ट्याचं नाव टेलर ब्रेस! ह्यांना जो काय आनंद झाला, टेलरनेच शोधून काढलं आणि आता टेलरच बांधणार, हा विनोद त्यांनी आल्या-गेल्याला इतक्या वेळा सांगितला की शेवटी मी दम दिला. सप्टेंबरच्या त्या दमट हवेत पट्ट्याखाली घामोळं आलं, आतून सुती बंडी घालून कसेबसे दिवसातले दोन-चार तास घालायचे. मलासुद्धा पट्टा जास्त दिवस नकोच होता, कारण फिजिओ म्हणाली की पट्टाच सगळं काम करायला लागला तर तुमचे स्नायू आणखी आळशी होतील.

चतुर्थी आली. आमच्याकडे मूळ घरात माटोळी असते, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घड, तोरिंजन, कांगला, माट्टुल्या, रानातली कसली कसली फळं बांधतात. दरवर्षी बांधायला मी असायचे, कुठलं फळ कुठे ते मी सांगायचे. गेल्या वर्षी मी देवासमोर उभी राहिले आणि मला माटोळी दिसेना. गणपती दिसत होता, दिवे दिसत होते, वर बघायला मान जाईना. कोणाला सांगितलं नाही. दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मागच्या आरामखुर्चीत रेलून बसले, तेव्हा कुठे सगळी दिसली. कांगला नव्हती त्या वर्षी, मिळाली नाही म्हणे. मी बराच वेळ तशीच बसले होते, जाऊबाईंना वाटलं मला चक्कर आली.

औषधाचं म्हणाल तर आधी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी देणार होते, पण ती रिकाम्या पोटी भरपूर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला त्रास देते, आणि मला आधीच आंबट पाणी वर येत होतं. म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड ठरलं. ते लगेच नाही देता येत. आधी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशा आठ, कारण ते कमी असताना हे औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम खाली जातं. आणि दातांचं जे काही काढायचं असेल ते आधीच, कारण या औषधावर असताना दात काढला तर जबड्याचं हाड क्वचित भरत नाही. माझी एक दाढ किती दिवस अशीच होती, ती काढून घेतली, जखम भरेपर्यंत थांबलो. अशा रीतीने इंजेक्शनला नोव्हेंबर उजाडला.

इंजेक्शन म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, दुपारी घरी. मी सुनेला फोनवर म्हटलं, काहीच झालं नाही गं! रात्री दोनला थंडी वाजून ताप. सगळी हाडं कोणीतरी मुसळाने कांडतंय असं. पहिल्या वेळी असं होतं हे सांगितलेलं होतं, पॅरासिटामॉल आणून ठेवलेली होती, तरीही हे माणूस घाबरून शेजाऱ्यांची गाडी काढायला निघालं. दोन दिवस राहिलं, तिसऱ्या दिवशी पेज आणि लोणचं खाल्लं आणि उठले. दुसऱ्या वर्षी एवढं होत नाही असं म्हणतात, बघू, नोव्हेंबर लांब नाही.

आता फिजिओबद्दल, कारण खरा वेळ तिथेच गेला. पहिल्याच दिवशी तिने मला टेबलावर उताणं झोपवलं आणि डोक्याखाली लाकडी ठोकळे एकावर एक ठेवत गेली, मान सरळ येईपर्यंत. चार लागले. चार ठोकळे म्हणजे माझी परीक्षा, दर दोन महिन्यांनी परत मोजणार म्हणाली. मग विचारलं, घरी काय व्यायाम करता? मी अभिमानाने सांगितलं, योगाच्या क्लासला जाते, पश्चिमोत्तानासन करते, पायांची बोटं धरते या वयात! तिने कपाळाला हात लावला. ठिसूळ मणक्यांना पुढे वाकणं, पोटासाठी उताणं झोपून उठून बसायचे व्यायाम, वाकून पिळणं, हे सगळं बंद. मणक्याचा पुढचा भागच चेपतो त्याने. सूर्यनमस्कारही बंद. क्लासच्या बाईंना हे सांगितलं तर त्या नाराज झाल्या, पण नंतर त्यांनीच माझ्यासाठी पालथं झोपून करायचं वेगळं काढलं.

तिने शिकवलेलं सगळं बघायला फालतू वाटतं. उताणं झोपून हनुवटी आत ओढायची, आरशात दोन हनुवट्या दिसल्या पाहिजेत, मोजून पाच आकडे धरायचं. खांद्याची पाती मागे एकमेकींकडे आणायची, मधे पेन्सिल धरल्यासारखी. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून दोन्ही हातांनी मागे ओढायचा. पालथं झोपून पोटाखाली उशी आणि छाती दोन बोटं वर उचलायची, जास्त नाही. भिंतीला पाठ लावून हात वर सरकवायचे. खोल श्वास, बरगड्या बाजूला फुलवून. पहिल्या आठवड्यात पालथं झोपल्यावर मी दोन बोटंसुद्धा उचलू शकले नाही, नुसता नाकाने आवाज. पाठीत स्नायू आहेत याचा पत्ताच मला पहिल्यांदा लागला, त्या दुखण्यावरून. ती म्हणायची, बाई, "ताठ बस" म्हणून कोणी ताठ बसत नाही, ताठ बसायला ताकद लागते. हे मला माझ्या शाळेतल्या पोरांची माफी मागावीशी वाटायला लावणारं होतं, खास करून दुसऱ्या बाकावरचा एक बारीक मुलगा, नाव नाही सांगत, ज्याच्या पाठीत मी पट्टी लावायचे.

वाकणं परत शिकले, कमरेतून नाही तर खुब्यातून, पाठ सपाट ठेवून, गुडघे मोडून. वाचायला सोपं. घरातल्या किती गोष्टी वाकून करतो ते मोजायला लागले तर हात टेकले. आदोळीवर बसून नारळ खवणं, पन्नास वर्षांची सवय, ती गेली, आता ओट्याला लावायची खवणी आहे आणि तिच्या खोबऱ्याला तशी चव नाही असं माझं ठाम मत आहे, हे म्हणतात तुझा भास. खराट्याला लांब काठी. सुपारी वेचायला आता गडीच. देवळात साष्टांग नाही, हात जोडून. नातवाला उचलायचं नाही, तो आपणहून खुर्चीवर चढतो आणि मग मिठी. पावसाळ्यात आमच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे ह्यांनी लोखंडी कठडा बसवला, न्हाणीघरात दांडा, रात्री पॅसेजमध्ये दिवा चालू. पुढे वाकलेल्या माणसाचा तोल पुढे जातो म्हणून तो पडतो, आणि पडला की आईसारखं होतं, हे मला कोणी वेगळं समजवायची गरज नव्हती.

खाण्यात दूध मला आवडत नाही. म्हणून नाचणीची तिजन रोज सकाळी, तीळ, सुकी बारीक मासळी, दही, आणि जे कमी पडतं तेवढी कॅल्शियमची गोळी. माझ्या वयाच्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागतं. गोळ्याच गोळ्या खाऊन भागवायचं नाही असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि तिजन मला आवडते, त्यामुळे तक्रार नाही.

कंटाळा आला का? आला. जानेवारीत पंधरा दिवस काहीच केलं नाही, लग्नं, जत्रा, पाहुणे. परत गेले तेव्हा फिजिओ काही बोलली नाही, नुसते ठोकळे काढले. चारच.

या जूनमध्ये परत मोजलं. ठोकळे तीन. भिंत ते डोकं साडेसहा सेंटिमीटर. एक्सरेत कोन ५८, मी म्हटलं तीन अंश कमी झाले, डॉक्टरांनी आठवण करून दिली की मापाची चूकच तेवढी असते, तेव्हा खूशही होऊ नका, नाराजही होऊ नका, नवीन मणका मोडलेला नाही ते बघा. उंची तीच, १५०. झोपायला एक उशी आणि वर एक घडी केलेला टॉवेल. जिना चढताना मधे थांबत नाही. वरच्या कप्प्यातला गुळाचा डबा अजूनही हाताला येत नाही, तो खालीच ठेवलाय आता.

तेव्हापासून गावात माझी थोडी ख्याती झालीय, कोणाची पाठ दुखली की मी आडवी येते. जुलैत शेजारच्या वहिनींची पाठ कळशी उचलताना धरली. वय ५६. मी त्यांच्या घरी जाऊन गोंधळ घातला, तेल लावू नका, चोळू नका, पायाळू नको, आधी एक्सरे, तिच्या मुलाला भर पावसात गाडी काढायला लावली. एक्सरेत काही नाही, सगळे मणके डब्यासारखे चौकोनी, खरंच उसण होती. तिसऱ्या दिवशी त्याच पोराने पाय लावला आणि त्या बऱ्या झाल्या. त्यांची सासू दिसली की मला अजून एक्सरेचे पैसे ऐकवते.